इंग्रजीचा वळसा

चर्चगेटहून सुटलेली संध्याकाळची धीमी लोकल प्रभादेवी सोडते, तेव्हा दाराकडे सरकणारा प्रत्येक जण पुढच्याच्या खांद्यामागून एकच प्रश्न विचारतो : ‘दादर उतरणार का?’ पॅरिसच्या मेट्रोतही गर्दीच्या वेळी हेच विचारतात : ‘वू देसाँदे आ ला प्रोशेन?’ म्हणजे ‘पुढच्याला उतरणार का?’ यातलं ‘देसाँद्र’ हे क्रियापद आणि आपलं ‘उतरणे’ यांची व्याप्ती चकित व्हावं इतकी जुळते. जिना उतरायचा तर तेच क्रियापद, गाडीतून उतरायचं तरी तेच, आणि परगावी हॉटेलात किंवा मामाकडे उतरायचं असलं तरीही तेच. इंग्रजीला या तीन कामांसाठी तीन वेगळे शब्दप्रयोग लागतात. दादरच्या माणसाला आणि पॅरिसच्या माणसाला एकच शब्द पुरतो.

तरीही आपल्याकडे फ्रेंच शिकायचं म्हणजे इंग्रजीतून, हे ठरून गेलं आहे. अकरावीला भरपूर गुण देणारा विषय म्हणून फ्रेंच घेणारी मुलं असोत किंवा कॅनडाला जायची तयारी करणारे नोकरदार, वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला फ्रेंच. वर्गही तसाच चालतो, पाठ्यपुस्तकही तसंच असतं. याचा परिणाम असा होतो, की घरी, बाजारात, गाडीत मराठीच बोलणारं मूल फ्रेंचच्या दारात पोचायच्या आधी इंग्रजीचा वळसा घेतं आणि त्या वळशात स्वतःजवळ असलेल्या कितीतरी गोष्टी हरवून बसतं. या प्रकरणात तो वळसा काढून टाकायचा आहे. रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांना फ्रेंच प्रतिशब्द शोधताना मधे मराठी शब्द ठेवून पाहायचा. दरवेळी जमतं असं नाही. पण जिथे जमतं तिथे फ्रेंच व्याकरणाचं अर्धं ओझं हलकं होतं.

सुरुवात ‘गेट’पासून करू. इंग्रजीतलं हे चिमुकलं क्रियापद कोणत्याही इंग्रजी-फ्रेंच कोशात कित्येक रकाने अडवून बसतं, कारण फ्रेंचमध्ये त्याला एक असा प्रतिशब्दच नाही. मिळणं, होणं, पोचणं, आणणं, समजणं, चढणं, उतरणं, उठणं यांतलं नेमकं काय म्हणायचं आहे ते फ्रेंच माणूस आधी ठरवतो. मराठी माणूसही ठरवतोच. तेव्हा ‘गेट’ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, हा प्रश्नच सोडून द्यावा. हे वाक्य मराठीत कसं बोललो असतो, ते मनात म्हणावं आणि त्या क्रियापदाचं फ्रेंच शोधावं. चढणं म्हणजे ‘माँते’, उतरणं म्हणजे ‘देसाँद्र’.

घड्याळात ही जवळीक आणखी दिसते. साडेतीनला फ्रेंच म्हणतात ‘त्र्वाझर ए दमी’, तीन आणि अर्धा. आणि पावणेचारला म्हणतात ‘काट्र अर म्वँ ल कार’, शब्दशः चार वाजले, उणे पाव. ‘पावणे’ या शब्दाच्या पोटातही पाव आणि उणे हेच दोन तुकडे आहेत. इंग्रजी विद्यार्थ्याला ही वजाबाकी पाठ करावी लागते. आपण ती लहानपणीच, पाढ्यांबरोबर गिळलेली असते.

मग आठवडा. इंग्रजीत एका आठवड्यानं भेटू म्हणायचं तर सात दिवस मनात असतात. फ्रेंच माणूस म्हणतो ‘दाँ वी झूर’, आठ दिवसांनी. शिंपी, घड्याळजी, सरकारी कारकून आपल्याला काय सांगतो? ‘आठ दिवसांनी या.’ सोमवार ते सोमवार मोजताना दोन्ही टोकांचे सोमवार धरले की आठ होतात. रोमन लोक याच पद्धतीनं दिवस मोजत आणि फ्रेंचांनी ती मोजणी जपली. फ्रेंचमध्ये ‘वीतेन’ असं नामही आहे, ‘वीत’ म्हणजे आठ या आकड्यापासून झालेलं. आपला ‘आठवडा’ही आठापासूनच झाला. पुढची पायरी पंधरा दिवसांची. इंग्रज त्या काळाला चौदा रात्रींवरून नाव देतो, तर फ्रेंच ‘कॅंझ झूर’ म्हणतो, पंधरा दिवस, आणि त्याचंच नाम ‘कॅंझेन’, म्हणजे पंधरवडा. आपल्या पंधरवड्यामागे पंधरा तिथींचा पक्ष आहे, फ्रेंचांच्या मागे दोन्ही टोकं धरून केलेली मोजणी. वाटा वेगळ्या, मुक्काम एक. इंग्रजीतून जाणारा विद्यार्थी मात्र सातला आठ आणि चौदाला पंधरा का म्हणायचं, या कोड्यात अडकून पडतो.

फ्रेंच आकड्यांची सगळ्यांनाच धास्ती असते. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे ‘काट्र-व्हँ’, चार विसा, आणि नव्याण्णव म्हणजे चार विसा एकोणीस. हे ऐकून इंग्रजी माध्यमातली मुलं हसतात. पण जुन्या पिढीतल्या, शाळेत न गेलेल्या बायाबापड्या पैसे आणि नारळ विसांतच मोजत असत, ‘तीन विसा’, ‘चार विसा’ असं सहज म्हणत असत. विसांची मोजणी एके काळी फ्रान्समध्येही बरीच पुढपर्यंत जाई. तेराव्या शतकात नवव्या लुईनं पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी आश्रयस्थान उभारलं, त्याचं नाव ‘कॅंझ-व्हँ’, पंधरा विसा. ती संस्था आज नेत्र रुग्णालय आहे आणि तिचं नाव तेच आहे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भाषकांनी मात्र सत्तर आणि नव्वदसाठी सरळ, एकसंध शब्द ठेवले आहेत.

आता दादर पश्चिमेच्या फूलबाजारात जाऊ. दसऱ्याच्या आदल्या रात्री इथे ओतला जाणारा तो केशरी-पिवळा ढीग म्हणजे झेंडू. इंग्रजी ‘मॅरिगोल्ड’चा अर्थ घाईनं कोशात पाहिला तर फ्रेंच शब्द मिळतो ‘सूसी’. तो इथे साफ चुकीचा आहे, कारण सूसी हे निराळं झाड. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला कॅलेंड्युला म्हणतात. आपला झेंडू हा टॅजेटिस कुळातला आणि फ्रेंचमध्ये त्याची दोन नावं आहेत : मोठ्या, भरगच्च फुलाला ‘रोझ दँद’, हिंदचा गुलाब, आणि लहान, तांबूस फुलाला ‘अये दँद’, हिंदचं कार्नेशन. गंमत अशी की हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. सोळाव्या शतकात ते युरोपात पोचलं तेव्हा स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेलाही ‘इंडीज’च म्हणत, म्हणून फुलाच्या नावात हिंद येऊन बसला. त्याच लहान जातीला इंग्रज ‘फ्रेंच मॅरिगोल्ड’ म्हणतात. मेक्सिकोचं फूल फ्रेंचांच्या लेखी हिंदी, इंग्रजांच्या लेखी फ्रेंच आणि आपल्या लेखी दाराच्या तोरणाचं हक्काचं. इतका प्रवास एका शब्दामागे असताना कोशातला पहिला प्रतिशब्द उचलून चालत नाही.

भाजीबाजारात वांगं घ्या. भारतीय इंग्रजीत ते ‘ब्रिंजल’, पोर्तुगीजांकडून आलेलं. अमेरिकन त्याला वेगळं नाव देतात आणि ब्रिटिश थेट फ्रेंच ‘ओबेर्झीन’ वापरतात. त्या ओबेर्झीनचा माग काढत मागे गेलं की कातालान, मग अरबी ‘अल-बादिंजान’, मग फार्सी ‘बादिंगान’ आणि शेवटी संस्कृत ‘वातिंगण’. आपलं वांगंही त्याच कुळातलं. साखरेचा ‘स्युक्र’ शर्करेपासून, कापराचा ‘कांफ्र’ कर्पूरापासून, आल्याचा ‘झँझांब्र’ शृंगवेरापासून, नारिंगाचा ‘ओराँझ’ नारंगापासून. वाण्याच्या यादीतला बराचसा फ्रेंच माल असा इकडूनच गेलेला आहे, फक्त अरबी आणि फार्सी बंदरांत माल उतरवत उतरवत गेला.

त्याच बाजारात इंग्रजी ‘हॉट’ फसवतं. भजी ‘हॉट’ आहेत म्हणजे गरम की तिखट? मराठीला हा संभ्रम नाही आणि फ्रेंचलाही नाही : गरमला ‘शो’, तिखटला ‘पिकाँ’. मिरची चाखून ‘शो’ म्हणणारा विद्यार्थी मराठीत कधीही मिरचीला गरम म्हणत नाही. चूक त्याच्या जिभेची नाही, वळशाची आहे.

इथवर सुट्या शब्दांचं झालं. खरा खजिना वाक्यांच्या घडणीत आहे आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

‘हे घर मला आवडतं.’ या वाक्यात कर्ता घर आहे, आवडण्याचा अनुभव माझ्याकडे येतो. फ्रेंच वाक्य तसंच उभं राहतं : ‘सेत मेझाँ म प्ले’. कर्ता घर, आणि ‘म’ म्हणजे मला. ‘मला तिकीट हवंय’ म्हणायचं तर ‘इल म फो अँ बिये’, इथेही ‘म’ म्हणजे मलाच. ‘मला तुझी आठवण येते’ या वाक्यात इंग्रज स्वतःला कर्ता करतो. फ्रेंच ‘त्यु म माँक’ म्हणतो, शब्दशः तू मला उणा पडतोस. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी हे वाक्य हटकून उलटं करतो आणि अर्थ होतो, ‘तुला माझी आठवण येते’. मराठी वाक्य मनात ठेवलं तर ‘मला’ कुठे आहे ते दिसतं आणि बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

जेवायला बसताना आपण हात धुतो. ‘माझे हात’ असं कुणी म्हणत नाही, दुसऱ्याचे हात कोण धुणार? इंग्रजीला मात्र ‘माझे’ लावल्याशिवाय चैन पडत नाही. फ्रेंच आपल्या बाजूचा : ‘झ म लाव्ह ले मँ’. त्यात स्वतःसाठी एक ‘म’ जास्तीचा येतो, पण हातांना मालकी चिकटवलेली नाही. मग पानं वाढली की पंगतीत म्हणतात, ‘सावकाश होऊ द्या’. फ्रेंच यजमान म्हणतो, ‘बॉनापेती’. इंग्रजीत या जागी स्वतःचा शब्दच नाही, म्हणून इंग्रजांनी फ्रेंच शब्द जसाच्या तसा उचलला.

‘मी दहा वर्षांपासून दादरला राहतो.’ वर्तमानकाळ, सरळ. इंग्रजीत इथे काळाची मोठी कसरत करावी लागते आणि आपली मुलं ती पाचवीपासून घोकतात. फ्रेंच म्हणतो, ‘झाबीत दादार दपुई दीझाँ’. तोही वर्तमानकाळच. म्हणजे इंग्रजीसाठी मेहनतीनं कमावलेली सवय फ्रेंचमध्ये विसरायची आणि घरची सवय परत आणायची.

आणि ‘शे’. या एका अव्ययासाठी मला फ्रेंच विशेष प्रिय आहे. डॉक्टरकडे जातो : ‘शे ल मेद्सँ’. आमच्याकडे गणपती असतो, त्यातलं आमच्याकडे : ‘शे नू’. इंग्रजीला यासाठी घर, दवाखाना, दुकान असं काहीतरी उभं करावं लागतं. मराठीच्या ‘कडे’मध्ये जागा आणि माणूस एकत्र आहेत, तसेच ते ‘शे’मध्ये आहेत. साहित्यावर लिहिताना आपण ‘मर्ढेकरांकडे ही प्रतिमा वेगळी येते’ म्हणतो, फ्रेंच समीक्षक नाटककार मोलिएरबद्दल लिहिताना तोच ‘शे’ वापरतो.

इंग्रजी ‘नो’ या क्रियापदाचंही असंच. मला पोहता येतं, मी त्यांना ओळखतो, मला पत्ता माहीत आहे : आपल्याकडे तीन घरं, इंग्रजीकडे एक, फ्रेंचकडे दोन. कौशल्य आणि माहिती ‘साव्वार’च्या घरात, माणूस आणि जागा ‘कॉनेत्र’च्या घरात. इथे जुळणी पूर्ण नाही. ‘मला दादर माहीत आहे’ हे वाक्य फ्रेंचमध्ये ओळखण्याच्या घरात जातं. पण माणसाला ओळखणं वेगळं आणि पोहता येणं वेगळं, हा फरक ज्याच्या कानात आहे त्याला एवढं समजायला वेळ लागत नाही. ‘टाइम’चीही तीच गत : किती वेळ म्हणजे ‘ताँ’, किती वेळा म्हणजे ‘फ्वा’, किती वाजले म्हणजे ‘अर’.

तू आणि तुम्ही हा भेद आपल्याला शिकवावा लागत नाही, ‘त्यु’ आणि ‘वू’ची गरज लगेच कळते. मर्यादा वेगळ्या आहेत, एवढंच. आईला तू आणि वडिलांना अहो-तुम्ही हा आपल्याकडच्या अनेक घरांतला रिवाज फ्रेंच घरात चालत नाही. तिथे दोघंही ‘त्यु’. दुकानदार, वाहक, अनोळखी शेजारी हे मात्र ‘वू’च, आणि दुकानात शिरताना ‘बाँझूर’ म्हटल्याशिवाय भाव विचारणं उद्धटपणाचं. देवाला वारकरी तू म्हणतो. फ्रेंच कॅथलिक प्रार्थनेत देव ‘वू’ होता, १९६६ पासून तो ‘त्यु’ झाला.

मराठीचा हात धरून चालताना जिथे ठेच लागते ती जागा म्हणजे लिंग. निर्जीव वस्तूंना लिंग असतं याचं आपल्याला नवल नाही, ही मोठी सोय. पण कोणतं, ते जुळेलच असं नाही. खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी. बस आपल्याकडे ती, तिकडे तो. समुद्र आपल्याकडे तो, तिकडे ‘ला मेर’, ती. सूर्य दोन्हीकडे पुरुष, पण चंद्र फ्रेंचमध्ये बाई. आपलं नपुंसकलिंग तिथे नाहीच, तेव्हा फूल, झाड, पुस्तक यांची वाटणी दोन घरांत झालेली आहे. यावर उपाय एकच : नाम कधीही एकटं पाठ करू नये, त्याच्या ‘ल’ किंवा ‘ला’सकट करावं.

नात्यांच्या शब्दांत तर मराठी एकटीच श्रीमंत आहे. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या चौघींना फ्रेंचमध्ये एकच ‘बेल-सर’. इथे भाषांतर होत नाही, नातं समजावून सांगावं लागतं : नवऱ्याची बहीण, दिराची बायको. तेच करावं, संकोच करू नये.

दुसरी ठेच इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांची. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले आणि कित्येकांचे अर्थ तिथे बदलले. ‘लिब्रेरी’ ऐकून ग्रंथालय वाटतं, पण ते पुस्तकांचं दुकान. दादरकरासाठी फरक सोपा करायचा तर छबिलदासच्या गल्लीतलं आयडियल ही लिब्रेरी आणि दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही ‘बिब्लियोतेक’. पहिल्यात पैसे देऊन पुस्तक कायमचं घेतात, दुसऱ्यात परत करतात.

शिवाय फ्रेंच शब्द कोणाचा, हेही पाहावं लागतं. पॅरिसचा माणूस शनिवार-रविवारला इंग्रजी ‘वीकेंड’च म्हणतो, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ‘फँ द स्मेन’, आठवड्याचा शेवट. फ्रान्सच्या चौकातल्या लाल पाटीवर इंग्रजी ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं, क्वेबेकच्या पाटीवर ‘आरे’. क्वेबेकनं १९७७ मध्ये भाषेची सनद केली, फ्रान्सनं १९९४ मध्ये फ्रेंचच्या रक्षणासाठी तूबाँ कायदा. पण कायद्याहून जास्त काम चांगल्या शब्दानं होतं. १९५५ मध्ये आयबीएमच्या फ्रान्समधल्या कंपनीनं नव्या यंत्राला नाव हवं म्हणून झाक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकाला विचारलं. त्यानं ‘ऑर्दिनातर’ सुचवला आणि आज फ्रान्समधलं शेंबडं पोरही तोच शब्द बोलतं. आपला ‘संगणक’ कागदावर राहिला, तोंडी कॉम्प्युटरच आहे. उलट, १९३८ पासून शिवाजी पार्कला राहिलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत रूढ केलेले ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ हे शब्द इतके मुरले, की ते कुणी घडवले होते याचा विसर पडला आहे. नवा शब्द टिकतो की नाही हे पहिल्या काही वर्षांत तो रोजच्या कागदांत आणि बोलण्यात किती फिरतो यावर ठरतं, म्हणून कॅनडाला जाणाऱ्यानं तिथल्या वर्तमानपत्रांतून शब्द उचलावेत, पॅरिसच्या कोशातून नव्हे.

मराठी आणि फ्रेंच यांची थेट भेट अजिबात नवी नाही. १८१० मध्ये इंग्रजांनी मॉरिशस फ्रेंचांकडून घेतलं आणि पुढे त्या शतकात रत्नागिरीकडची माणसं मुंबईच्या बंदरातून मजूर म्हणून तिथे गेली. त्यांच्या वंशजांच्या आयुष्यात कचेरीची इंग्रजी, वर्तमानपत्रांची फ्रेंच, घरातली क्रिओल आणि सणावाराची मराठी शेजारी नांदतात. पुण्यात राहिलेल्या गी दलरी या जेझुइट पंडितानं तुकारामांचे अभंग १९५६ मध्ये फ्रेंचमध्ये नेले, ते मराठीवरूनच. पुस्तकाच्या नावात त्यानं अभंगाला बायबलमधल्या स्तोत्राचा शब्द दिला आणि वारकऱ्याला यात्रेकरूचा. आणि मराठी भाषा कशी घडली यावरचा पहिला मोठा शास्त्रीय ग्रंथ फ्रेंचमध्येच आहे, झ्यूल ब्लोक यांचा, १९२० च्या सुमारास छापलेला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला.

शेवटी, फ्रेंच मुलांनाही घाम फोडणारा एक नियम. ‘ती आली’ म्हणताना क्रियापद तिच्याप्रमाणे बदलतं आणि ‘तिनं आंबा खाल्ला, तिनं पोळी खाल्ली’ म्हणताना ते आंब्या-पोळीप्रमाणे बदलतं, तिचा संबंधच सुटतो. फ्रेंचमध्येही जाणं-येणं अशा क्रियापदांचं भूतकाळी रूप कर्त्याप्रमाणे चालतं : तो आला आणि ती आली यांची रूपं लिहिताना वेगळी होतात. खाणं, लिहिणं अशा सकर्मक क्रियापदांचं रूप मात्र कर्त्याकडे पाहत नाही, ते कर्माकडे पाहतं. कारण दोन्हीकडे सारखंच आहे. हे भूतकाळ मुळात ‘लिहिलेलं’, ‘खाल्लेलं’ अशा विशेषणांपासून तयार झाले, इकडे संस्कृतातून, तिकडे लॅटिनमधून, आणि विशेषण आपल्या नामाच्या मागे जाणारच. इंग्रजीत याचा मागमूस उरलेला नाही, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम निव्वळ छळ वाटतो. फ्रेंचनं त्याला एक अट घातली आहे : कर्म आधी आलं असेल तरच रूप बदलायचं. ‘ला लेत्र क झे एक्रीत’, मी लिहिलेली चिठ्ठी. इथे चिठ्ठी स्त्रीलिंगी आणि ती आधी आली, म्हणून शेवटचा ‘त’ ऐकू येतो. ‘झे एक्री ला लेत्र’, मी चिठ्ठी लिहिली. इथे चिठ्ठी नंतर आली, म्हणून ‘त’ गळतो. तेव्हा मराठी विद्यार्थ्यानं ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ ही घडण मनात ठेवावी आणि कर्म मागून येतं तिथे रूप तसंच राहू द्यावं.